खारा धूर

आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं असतं, आणि कोणाच्या वाट्याला कोणतं जाईल हे माझ्या सासूबाई ठरवतात. एक बोअरचं, खारं. दुसरं नळाचं, गोडं. बोअर कधीही चालू करा, धो धो पाणी. नळ मात्र आठवड्या-दहा दिवसांतून त्याच्या मर्जीने येतो, आणि आला की सगळं गाव हातातली कामं टाकून पळतं. ते गोडं पाणी स्वयंपाकघरात झाकणाच्या ड्रमांत भरून ठेवायचं. पिण्याला, डाळीला आणि पाहुण्यांच्या चहाला गोडं. आंघोळ, धुणं, भांडी, अंगण, म्हैस आणि गाडी यांना खारं. या वाटणीत सासऱ्यांनाही बोलायची सोय नाही.

अकोला आणि अमरावतीच्या मधे, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा सगळा खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, कसदार, हरभरा असा येतो की बघत राहावं. जमिनीखाली पाणीही आहे, फक्त ते तोंडात धरवत नाही. माझं माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्यांच्या बागांमधलं. तिकडे पाणी खोल गेलंय म्हणून लोक रडतात, पण जे वर येतं ते गोडं असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मी बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लावली. कुकर शिट्ट्या मारून थकला आणि डाळ जशीच्या तशी. आत्याबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडं अशीच खातेत काय?"

आत्याबाई म्हणजे सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

डाळीचं मी विसरले, पण केसांचं विसरले नाही. माहेरून येताना माझी वेणी कमरेखाली होती. खाऱ्या पाण्याने केस दोरखंडासारखे झाले आणि फणीत भराभर यायला लागले. डोक्यावरून न्हायच्या दिवशी शेवटी ओतायला एक तांब्या गोडं पाणी मी मागितलं. आत्याबाई म्हणाल्या, "केसं काई पाणी पीत नाईत." संपलं. त्यावर अपील नव्हतं. मी नंतर पुष्कळदा मागितलं, भांडले, रुसले, माहेरी गेले की मुद्दाम दोन-दोनदा केस धुऊन आले. वेणी मात्र अर्धी झाली ती झालीच. तो राग मी मनात ठेवला असं म्हणता येणार नाही, कारण मी तो मनात कधी ठेवलाच नाही. जमेल तेव्हा बोलून दाखवला.

आता गाडीचं. गाडी म्हणजे मामाजींचा छोटा ट्रक, चार चाकांचा, डिझेलचा, माझ्या लग्नाच्याही आधीचा. मामाजींनी शेत बटाईला दिलं पण गाडी कोणाच्या हातात दिली नाही. आम्हा दोघांचा एक धंदा आहे आणि तो या गाडीवर चालतो. संत्र्याच्या हंगामात आम्ही इकडून जनावरांसाठी हरभऱ्याचं कुटार भरून वरुडकडे नेतो आणि येताना माझ्या भावाच्या आणि शेजारपाजारच्या बागांतली संत्री घेऊन अकोल्याला उतरवतो. गाडी मामाजी चालवतात, माल मी बघते आणि भाव मी करते. संत्रं हातात घेतलं की सालीखाली किती पोकळी आहे ते मला कळतं, त्यामुळे मला कोणी फसवत नाही. मामाजींना कोणीही फसवतं, कारण ते गप्पांत रमतात. रस्त्यावरचा प्रत्येक चहावाला त्यांना ओळखतो. केबिनमध्ये बसले की सत्तरी पार केलेला हा माणूस चाळीसचा दिसतो.

त्या वर्षी हिवाळ्यात गाडीने पांढरा धूर सोडायला सुरुवात केली. सकाळी अंगणात चालू केली की सगळं अंगण भरून जायचं आणि म्हैस फुरफुर करायची.

"थंडी हाय," मामाजी म्हणाले. "म्हशीच्या तोंडातूनबी वाफ निंगते."

"म्हशीची दुपारी बंद होते," मी म्हणाले. "गाडीची नाई होत."

माझे वडील संत्र्यांचे व्यापारी होते आणि त्यांच्याकडेही असाच ट्रक होता. मी त्यात बसूनच मोठी झाले, त्यामुळे धुराची मला थोडी समज आहे. पांढरा धूर म्हणून एकच एक गोष्ट नसते. थंडीत सायलेन्सरमधलं दवासारखं पाणी तापून वाफ होते, ती गाडी गरम झाली की जाते. तिची काळजी करायचं कारण नाही. डिझेल नीट न जळता बाहेर पडलं तरी धूर पांढराच दिसतो, पण त्याचा उग्र वास येतो आणि कांदा चिरल्यासारखं डोळ्यांत पाणी येतं. आणि तिसरा प्रकार वाईट. इंजिन थंड ठेवायला जे पाणी त्याच्या भोवती फिरतं, तेच आत, जिथे डिझेल जळतं तिथे शिरायला लागलं, तर त्याची वाफ होऊन ती मागून निघते. त्याला आमच्याकडे गाडी पाणी प्यायली म्हणतात. लोक ऐकूनच कपाळाला हात लावतात.

आमच्या गाडीचा धूर दुपारीही जाईना. अमरावतीहून परत येताना मागचा मोटारसायकलवाला पुढे येऊन हात करून सांगायचा, काका, गाडी पेटली तुमची. मामाजी त्यालाच रागवायचे. पण चढावर गाडी दम खायला लागली आणि एक पाय लंगडा असल्यासारखी थडथड करायला लागली, तेव्हा त्यांनीच ती अकोल्याला मेकॅनिककडे घातली.

हा मेकॅनिक आमचा जुना. माणूस सरळ आणि हाताने चांगला. त्याने गाडी चालू करायला लावली, मागे जाऊन धुरात तळहात धरला, मग तो नाकाशी नेला.

"गोड वास नाई, काकाजी," तो म्हणाला. "पाणी जात असतं तं धूर गोड आला असता. हे डिझेलच हाय. नोझल गेले असतीन."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरमध्ये कूलंट असतं, ते हिरवं नाहीतर लाल औषध. कूलंट जळलं की धुराला गोडसर वास येतो, ही त्यांची ठरलेली परीक्षा. तरी त्याने दुसरा प्रश्न विचारलाच. पाणी कमी होते काय?

"पाणी?" मामाजी म्हणाले. "फुल्ल असते. रोज सकाळी मी सोता पाहतो."

हेही खोटं नव्हतं. मी स्वतः तिथे स्टूलवर बसले होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मेकॅनिकने चारही नोझल बदलले. नोझल म्हणजे ज्यातून डिझेलचा फवारा इंजिनात उडतो ते तोंड. जुने चार त्याने त्याच्या रिवाजाप्रमाणे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आमच्या हातात दिले, म्हणजे नवे टाकले की नाही अशी शंका राहत नाही. डिझेलचा पंपही दाखवून आणला. गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस पुन्हा फुरफुरली.

परत अकोला. या वेळी मेकॅनिकने बराच वेळ इंजिनाला कान लावला आणि मग रुमालाला हात पुसत तो म्हणाला, "मंग कॉम्प्रेशन गेलं, काकाजी. इंजिन बसलं. आता एक तं पूर्ण इंजिन बांधा, नाई तं गाडी काढून टाका. मले इचाराल तं जुन्या गाडीत एवढा पैसा घालू नोका."

माझा नवरा अमरावतीला शाळेत शिक्षक आहे आणि सुट्टीला घरी येतो. त्याला ही गाडी फार दिवसांपासून खुपत होती. म्हाताऱ्या बापाने घाटाखालून संत्री आणायची आणि आपण वर्गात बसून घड्याळ बघायचं, याचा त्याला घोर होता. तो घोर खरा होता, मी त्याला नावं ठेवत नाही. त्याने बापाशेजारी बसून शांतपणे सांगितलं, "बाबा, आता बस करा. लई चालवली." आणि पुढच्या रविवारी गाडी बघायला जुन्या गाड्या घेणारा एक माणूस येईल असं ठरवूनच तो परत गेला. तो माणूस गाड्या चालवायला घेत नाही. तोडायला घेतो.

 मामाजी भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ओसरीतली बाज त्यांनी फिरवून घेतली आणि गाडीकडे पाठ करून बसायला लागले. दाढी वाढली. बाजारात चल म्हटलं तर नको म्हणायचे. मला ते बघवत नव्हतं. त्यांचं सगळं हिंडणंफिरणं, सगळी माणसं, सगळा रुबाब त्या केबिनमध्ये होता. गाडी गेली असती तर बाजेवर बसलेला एक म्हातारा तेवढा उरला असता. आणि माझाही स्वार्थ होता, तो का लपवू. दुसऱ्याच्या भाड्याच्या गाडीत संत्री आणून मला काय उरणार होतं? धंदा बंद करून मी पुन्हा चुलीपुढे बसले असते आणि आत्याबाई पुन्हा पूर्ण वेळ माझ्या वाट्याला आल्या असत्या.

एक गोष्ट मात्र मामाजींनी सोडली नाही. सकाळची पूजा. रोज आंघोळ झाली की ते गाडीच्या दर्शनी भागाला हात लावत, समोरच्या काचेखाली एक झेंडूचं फूल ठेवत, उदबत्ती फिरवत, आणि मग बोअरचा मोठा लोटा घेऊन रेडिएटरचं झाकण उघडून तो आत ओतत. काठोकाठ, थोडं बाहेर सांडेपर्यंत. याला ते गाडीला पाणी पाजणं म्हणत. जनावराला सकाळी पाजतो तसं. मग गाडी चालू करून थोडा वेळ ठेवत, आणि अंगण पांढरं होई. विकायच्या गाडीलाही ते रोज पाजत होते.

रविवारच्या आदल्या दिवशी मी गोठ्याशेजारचा कोपरा आवरत होते. गाडीबरोबर जुने सुटे भागही देऊन टाकावेत म्हणून खुंटीवरची पिशवी काढली आणि नोझल मोजायला म्हणून ओट्यावर ओतले. चारांतले तीन काळेकुट्ट होते, तव्याच्या बुडासारखे. चौथा धुतल्यासारखा स्वच्छ, आणि त्याच्या टोकाभोवती पांढरं कडं.

ते पांढरं मी ओळखत होते. रोज बघते. आंघोळीचं पाणी तापवायच्या रॉडवर हेच बसतं, चहाच्या जुन्या पातेल्याला हेच होतं, बादलीच्या आत जिथवर पाणी येतं तिथे हीच रेघ असते. कितीही घासा, दोन दिवसांनी हजर. मी नखाने ते खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

खारट. आमच्या बोअरइतकंच खारट.

मी तशीच ओट्यावर बसले आणि मला हसू यायला लागलं. धुराला गोड वास नाही म्हणून आत पाणी नाही, असं मेकॅनिक म्हणाला होता. पण आमच्या गाडीत गोड असं काही घातलंच नव्हतं तर गोड वास येणार कुठून? अकोल्याची परीक्षा अकोल्याच्या गाड्यांसाठी बरोबर होती. आमच्या घरात तर गोडं पाणी माझ्या केसांच्या वाट्याला आलं नाही, ते गाडीच्या वाट्याला येणार होतं होय!

मी ओसरीत गेले. "मामाजी, गाडीत पाणी कोणतं टाकता?"

"कोणतं म्हंजे? पाण्यासारखं पाणी."

"खारं का गोडं?"

उत्तर आतून आलं, ड्रमांच्या बाजूने. "गाडीले गोडं पाणी? तुह्या माहेरी पाजत असतीन."

मी आत्याबाईंना त्या दिवशी काही बोलले नाही. मला मामाजींशी बोलायचं होतं आणि मामाजी पाठ करून बसले होते. पिशवी त्यांच्यासमोर धरून तो पांढरा नोझल दाखवला तर त्यांनी नुसतं हं केलं. आशा दाखवलेली त्यांना नको होती. मीही मग जास्त समजावत बसले नाही. समजावून सांगायचा माझा स्वभाव नाही, दाखवून द्यायचा आहे.

रविवारी सकाळी ते पूजेला निघाले. त्या दिवशी त्यांनी झेंडूचा अख्खा हार करून आणला होता आणि धोतरही धुतलेलं होतं. निरोपाची तयारी होती ती. मी बोनेटसमोर जाऊन उभी राहिले.

"हार घाला, उदबत्ती लावा. पाणी नोका पाजू."

"काहून?"

"मले पाहायचं हाय."

"आजच्या दिवशी उपाशी ठेवू गाडीले?" त्यांचा आवाज चढला. माझ्यावर कधी चढत नाही तो. "आज घरून जाऊन राहिली ती. उपाशी पाठवू?"

"एक डाव मले पाहू द्या. मंग पाजा, मंग विका. मी आडवी येनार नाई."

ते लोटा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी हार घातला, उदबत्ती फिरवली, आणि बाजूला झाले. इंजिन रात्रभराचं थंड होतं, म्हणून मी झाकण उघडलं. गरम असताना ते कधी उघडू नये, तोंडावर उकळतं पाणी येतं. आत बोट घातलं. पाणी बोटाला लागलं नाही.

"पाहा," मी म्हणाले.

त्यांनी वाकून पाहिलं. मग स्वतःचं बोट घातलं. "काल तं भरलं होतं."

"कोणं भरलं?"

"मी."

"परवा कोणं भरलं?"

"मीच."

"अन त्याच्या आधी?"

 रोज भरताना त्यांनी कधी आत पाहिलं नव्हतं. पाहायचं कारणच नव्हतं. जनावराला पाजताना ते काल किती प्यायलं याचा हिशेब कोण ठेवतो. पाणी रोज फुल्ल असायचं कारण ते रोज फुल्ल करायचे, आणि गाडी जेवढं प्यायची तेवढं सकाळी पुन्हा हजर असायचं.

"आता पाजा," मी म्हणाले. "अन झाकन उघडं ठेवून चालू करा."

इंजिन सुरू झालं आणि रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे यायला लागले. एकामागून एक, थांबेचनात. मामाजींनी पाय दाबला तसे आणखी आले, भाजीला उकळी फुटावी तसे, आणि पाणी अजून कोमटही झालेलं नव्हतं. म्हणजे जिथे डिझेल जळतं तिथली हवा पाण्यात शिरत होती आणि गाडी बंद केली की तिथेच पाणी झिरपत होतं. मधली वाट फुटली होती.

नेमका त्याच वेळी माझा नवरा त्या गाड्या घेणाऱ्याला घेऊन अंगणात आला. तो माणूस धूर बघून आधी समाधानाने हसला. मग पुढे येऊन त्याने बुडबुडे पाहिले आणि त्याचं हसू गेलं.

"हे तं हेडचं पॅकिंग उडालं, सर," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "इंजिन बसलं म्हणत होते नं तुमी?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्यासमोर तळहातावर दोन नोझल धरले, एक काळा, एक पांढरा. "चाखून पाहा," मी म्हणाले. त्याने चाखलं नाही, पण त्याला कळलं. वीस वर्षं त्याच बादल्यांनी आंघोळ केली आहे त्याने.

"तरी देत असान तं घेतो मी," तो माणूस म्हणाला. "भाव जरा वाढून देतो."

मामाजींनी इंजिन बंद केलं आणि केबिनमधून खाली उतरले. खाली उतरताना त्यांनी दाराला धरलं नव्हतं हे मी पाहिलं. "चहा घ्या तुमी," ते म्हणाले. आमच्याकडे सौदा मोडला हे सांगायची हीच पद्धत आहे. तो माणूस समजला. गोड्या पाण्याचा चहा पिऊन तो निघाला, आणि जाताना मला म्हणाला, "ताई, मंग मले काहून बोलावलं एवढ्या लांब?" मी म्हणाले, साक्षीदार पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी हळूहळू, थांबत, पाणी टाकत आम्ही गाडी अकोल्याला नेली. मेकॅनिकने पिशवीतला नोझल उलटसुलट करून पाहिला. "मी हे पाह्यलंच नाई," तो म्हणाला, "काढले अन बांधले." मग त्याने इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते उघडलं. त्याच्या आणि खालच्या भागाच्या मधलं पातळ पॅकिंग एका ठिकाणी झिजून फुटलं होतं, आणि तिथला सिलिंडरही त्या चौथ्या नोझलसारखाच धुतल्यागत स्वच्छ होता. पाणी फिरायची भोकं खाराने अर्धी बुजली होती. रेडिएटरमधून तर ओंजळभर पांढरा गाळ निघाला. इंजिनातला दाब धरणाऱ्या रिंगा शाबूत होत्या. इंजिन ठणठणीत होतं. इतकी वर्षं आमच्या बोअरचं पाणी पिऊन ते बसलं नव्हतं याचंच त्याला नवल वाटलं.

"गोड वास शोधत होतो मी," असं म्हणून तो स्वतःवरच हसला. हेड सपाट करायला लेथवाल्याकडे तो स्वतः गेला आणि काम होईपर्यंत तिथे उभा राहिला. गाडी अजूनही त्याच्याकडेच जाते.

सगळं बसवून झाल्यावर त्याने कूलंटचा डबा उघडला. मामाजींनी त्यात नाक घातलं. "हे तं खरंच गोड हाय." मी सवयीने बोट पुढे केलं तर मेकॅनिकने डबाच मागे ओढला. "चाखू नोका, ताई. जहर हाय ते." त्याने ते गोड्या पाण्यात मिसळून भरलं आणि मामाजींना सांगितलं, "काकाजी, आता रोज पाजू नोका. रोज पाहा नुसतं. दोन-तीन दिवस आतली हवा निंगून जराशी कमी होईन, तवा थोडं टाका. पन गोडं. बोअरचं टाकलं तं माह्याकडं आनू नोका."

हे वाक्य घरी आत्याबाईंना कोण सांगणार, यावर मामाजी परतीच्या वाटेभर काळजीत होते. मी म्हणाले, मी सांगते. आणि सांगितलं. आत्याबाईंनी ऐकलं आणि ड्रमाचं झाकण घट्ट लावलं. बस.

दोन दिवसांनी आमचा शेंदूरजनाघाटला जायचा बेत ठरला. बागा तोडायला आल्या होत्या आणि भावाचे फोनवर फोन येत होते. सकाळी मामाजी दाढी करून, फूल घेऊन गाडीशी गेले. झाकण उघडून त्यांनी आत नीट पाहिलं. पाणी थोडं खाली गेलं होतं, मेकॅनिकने सांगितलं होतं तेवढंच. ते सवयीने बोअरकडे वळले, मग थबकले आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. हातात पिण्याच्या पाण्याचा तांब्या, वर वाटी झाकलेली. त्या अंगण ओलांडून आल्या, मामाजींना बाजूला केलं आणि धार धरून सावकाश पाणी आत सोडलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. मामाजींनी गाडी चालू केली. मी मागे जाऊन उभी राहिले. सायलेन्सरमधून क्षणभर थंडीची वाफ आली, विरळ, आणि गेली. पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. म्हैस शांतपणे चरत होती. मामाजींनी हॉर्न वाजवला, गरज नसताना, आणि पुन्हा एकदा वाजवला. आनंदाने माझे डोळे भरून आले आणि धुराला दोष द्यायचीही सोय राहिली नव्हती.

पण मी मी आहे. केबिनमध्ये चढता चढता आत्याबाईंना म्हणालेच, "गाडीले देल्लं. मी एवढे वर्स मांगतलं तं मले नाई देल्लं."

त्यांनी रिकामा तांब्या उपडा करून झटकला. "तू मांगू शकत होती," त्या म्हणाल्या. "तिले मांगता कुठी येत होतं." आणि आत गेल्या.

ते उत्तर मला अमरावती मागे पडेपर्यंत टोचत राहिलं. जिला तोंड आहे ती मागत बसेल, मुक्या गाडीला मात्र न मागता द्यायचं, असा तो हिशेब होता. 

संत्री अकोल्याला उतरवून आम्ही परत आलो तेव्हा मी धुळीने माखले होते. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून न्हायला म्हणून न्हाणीत गेले. बोअरच्या पाण्याची बादली भरलेली होती, रोजच्यासारखी, काठाला पांढरी रेघ असलेली. तिच्या शेजारी एक तांब्या होता, वर वाटी झाकलेली. मी वाटी काढली, बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

गोडं होतं. बादलीचं पाणी संपेपर्यंत मी तो तांब्या तसाच झाकून ठेवला, आणि मग शेवटी डोक्यावर ओतला.